बारावीचे गाईड : घेण्यापूर्वी जुळवून पाहावे

दिवाळी आटोपली, की वणीच्या बाजारपेठेतील पुस्तकांच्या दुकानांपुढे एक निराळी गर्दी दिसू लागते. बारावीची परीक्षा जवळ आलेली असते. वडील दुकानातून थोडा वेळ काढून येतात, मुलाने किंवा मुलीने लिहून दिलेली चिठ्ठी पुढे करतात आणि म्हणतात, "अर्थशास्त्राचं एक चांगलं गाईड द्या." दुकानदार तीन-चार पुस्तके समोर ठेवतो. त्यांतले जे जाड असेल, किंवा ज्याच्या मुखपृष्ठावर 'हमखास' हा शब्द मोठ्या अक्षरांत असेल, ते घेऊन वडील परत दुकानावर जातात.

यात आश्चर्य वाटावे अशी एक गोष्ट आहे. हाच मनुष्य कापूस घेताना बोटांत रुई ओढून धाग्याची लांबी पाहतो. धान्याचा मूठभर नमुना तळहातावर घेतल्याशिवाय पोत्याचा भाव बोलत नाही. मात्र अपत्याच्या एका वर्षाचा प्रश्न असताना तो पुस्तक उघडूनही पाहत नाही. पुस्तकाची पारख हे आपले काम नव्हे, असे त्याला वाटते. वस्तुतः ही पारख त्याच्या रोजच्या व्यवहाराहून फारशी वेगळी नाही.

एका घरातील अनुभव

वणीतील एका व्यापारी कुटुंबातील मुलगी वाणिज्य शाखेत बारावीला होती. पुस्तपालनात तिची गती चांगली होती, आणि पुढे सी. ए. व्हावे असे तिने दहावीपासूनच ठरवले होते. सराव परीक्षेनंतर मात्र ती "मला सी. ए. नाही व्हायचं" असे म्हणू लागली. कारण विचारले तर गप्प राही. आठवडाभराने आजोबांच्या हाती तिची अर्थशास्त्राची उत्तरपत्रिका पडली. ८० पैकी ३१ गुण होते.

घरात अर्थशास्त्राची तीन गाईड होती. वडील म्हणाले, चौथे आणू. दुकानाच्या वह्या चाळीस वर्षे स्वतः लिहिलेल्या आजोबांनी मात्र आधी उत्तरपत्रिका वाचायला घेतली. 'साठा आणि पुरवठा' यांतील फरक लिहिताना मुलीने दोन्ही व्याख्या पाठ केल्याप्रमाणे शब्दशः लिहिल्या होत्या, पण त्यांची जागा बदलली होती. 'सहमत की असहमत' या प्रश्नात गाईडमधील विधान उलट करून विचारले होते. तिने उत्तर मात्र तेच लिहिले होते. तक्ता देऊन विचारलेला प्रश्न तिने कोराच सोडला होता.

आजोबांनी पुस्तक बाजूला ठेवले आणि विचारले, "बेटा, गावात एखाद्या शेतकऱ्याच्या घरात चाळीस क्विंटल कापूस पडला आहे. भाव उतरला म्हणून त्याने दहाच क्विंटल बाजारात आणला. आता साठा किती आणि पुरवठा किती?"

"साठा चाळीस. पुरवठा दहा."

"आणि उद्या भाव चढला तर?"

"तो आणखी आणेल. म्हणजे पुरवठा वाढेल. साठा वाढणार नाही, उलट घरातला कमी होईल." मुलगी थांबली. मग म्हणाली, "आजोबा, हे तर मला येत होतं!"

तिला ते खरोखरच येत होते. यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या मुलीने घरात भरलेला कापूस आणि भावाची वाट पाहणारा शेतकरी लहानपणापासून पाहिलेला असतो. पाठ्यपुस्तकातील 'साठा' म्हणजे विक्रेत्याजवळ असलेला एकूण माल, आणि 'पुरवठा' म्हणजे ठरावीक काळात, ठरावीक किमतीला तो जेवढा माल विकायला तयार असतो तेवढा. तीन गाईडांच्या पाठांतरात ही साधी गोष्ट हरवली होती. मुलीची बुद्धी कमी पडली नव्हती. पुस्तके चुकीच्या वेळी आणि न जुळवता घरात आली होती.

आधी प्रश्नपत्रिका, मग पुस्तक

गाईडची निवड पुस्तकाच्या दुकानात सुरू होत नाही, ती प्रश्नपत्रिकेपासून सुरू होते. राज्य मंडळाच्या बारावीच्या अर्थशास्त्राची लेखी परीक्षा ८० गुणांची असते आणि उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. या ८० गुणांची विभागणी पालकांनी एकदा कागदावर मांडून पाहावी. वस्तुनिष्ठ प्रश्न २० गुणांचे. संकल्पना ओळखून स्पष्ट करणे ६ आणि फरक स्पष्ट करणे ६. थोडक्यात उत्तरे १२. दिलेल्या विधानाशी सहमत की असहमत हे सकारण सांगणे १२. तक्ता, आकृती किंवा उतारा यांवरील प्रश्न ८. सविस्तर उत्तरे १६.

आता यातील कोणते गुण केवळ पाठांतराने मिळत नाहीत ते पाहावे. संकल्पना ओळखण्याच्या प्रश्नात एक प्रसंग दिलेला असतो आणि त्यामागील संकल्पना विद्यार्थ्याने शोधायची असते. सहमत-असहमतमध्ये विधानाचा एक शब्द बदलला तरी उत्तर फिरते. तक्ता आणि उतारा तर दर वर्षी नवा असतो. हे ६, १२ आणि ८ मिळून २६ गुण झाले, म्हणजे लेखी परीक्षेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ज्या गाईडमध्ये सविस्तर उत्तरे पानोपानी आहेत आणि या तीन प्रकारांना जेमतेम जागा दिली आहे, ते जाड असले तरी त्याचा उपयोग अपुरा आहे.

बाजारात मिळणारी पुस्तके साधारणतः तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार गाईड किंवा डायजेस्ट. त्यात प्रत्येक पाठाचे सार आणि स्वाध्यायाची पूर्ण उत्तरे असतात. दुसरा प्रकार 'अपेक्षित' प्रश्नसंचांचा. तिसरा मागील वर्षांच्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचा. पाठ्यपुस्तक वाचताना अडलेल्या ठिकाणी पहिल्याचा उपयोग होतो. अभ्यास झाल्यावर घड्याळ लावून लिहिण्याच्या सरावासाठी तिसरा उत्तम. 'अपेक्षित' संच मात्र अखेरच्या पंधरवड्यात ओझरती नजर टाकण्यापुरता ठीक. त्यावर वर्षभराचा अभ्यास उभा करणे म्हणजे बाजारातील अफवेवर माल भरण्यासारखे आहे.

दुकानात उभ्या उभ्या करायची जुळवणी

महिनाअखेरीस बँकेचे पासबुक आणि दुकानाची वही समोरासमोर ठेवून जुळवली जाते. गाईड घेतानाही तेच करावे. सोबत पाठ्यपुस्तक न्यावे. ते नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके विनामूल्य उपलब्ध आहेत, ती मोबाईलवर उघडता येतात. पुढील पाच गोष्टी पाहायला पंधरा मिनिटे पुरतात.

पहिली गोष्ट, छपाईचे वर्ष. बारावीचा सध्याचा अभ्यासक्रम २०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाला. त्याआधीचे गाईड कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. त्यानंतरच्या दोन वर्षांचीही एक अडचण आहे. कोरोनाच्या काळात अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला होता. २०२१ ची परीक्षा रद्द झाली आणि २०२२ ची परीक्षा कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. त्या काळातील काही प्रश्नसंचांत पाठांचे काही भाग मुळातच नाहीत. मुखपृष्ठावर 'नवीन अभ्यासक्रम' असेच छापलेले असल्यामुळे ही उणीव चटकन लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट, अनुक्रमणिका. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्राच्या परिचयापासून भारताच्या विदेशी व्यापारापर्यंत दहा प्रकरणे आहेत. गाईडची प्रकरणे त्याच क्रमाने आहेत का, आणि पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायाचा प्रत्येक प्रश्न त्यात आहे का, हे एका प्रकरणापुरते तरी बोट ठेवून पाहावे.

तिसरी गोष्ट, नेमकेपणा. यासाठी 'मागणीचा विस्तार आणि मागणीतील वृद्धी' हा फरक काढून वाचावा. भाव उतरला म्हणून खप वाढला तर तो विस्तार. भाव तोच असताना सण आला, लोकांचे उत्पन्न वाढले किंवा आवड बदलली म्हणून खप वाढला तर ती वृद्धी. कोणत्याही कापड व्यापाऱ्याला हा भेद सांगावा लागत नाही. जे पुस्तक दोन्हींचे वर्णन 'मागणी वाढणे' एवढ्यावर आटोपते, ते विद्यार्थ्याला परीक्षेत अडचणीत आणणार.

चौथी गोष्ट, आकडेमोड. निर्देशांकाच्या प्रकरणात लासपेअर आणि पाश्चे यांची दोन सूत्रे आहेत. लासपेअरच्या सूत्रात आधारभूत वर्षाचे नग धरतात, पाश्चेच्या सूत्रात चालू वर्षाचे. किराण्याचे एक उदाहरण घ्यावे. आधारभूत वर्षी एका घरात ४० रुपयांची साखर ५ किलो आणि १०० रुपयांचे तेल ४ किलो लागत होते. चालू वर्षी साखर ४८ आणि तेल १५० रुपये झाले. साखर तेवढीच लागली, पण महागाईमुळे तेल २ किलोवर आले. लासपेअरच्या सूत्राने ८४० भागिले ६००, म्हणजे निर्देशांक १४०. पाश्चेच्या सूत्राने ५४० भागिले ४००, म्हणजे १३५. महाग झालेली वस्तू लोक कमी घेतात, म्हणून दोन उत्तरांत हे अंतर पडते. गाईडमधील एखादे सोडवलेले उदाहरण असे स्वतः करून पाहावे. उत्तर जुळले नाही, किंवा सूत्रांची अदलाबदल दिसली, तर ते पुस्तक तिथेच खाली ठेवावे.

पाचवी गोष्ट, उत्तरांचे माप. चार गुणांच्या प्रश्नाला दोन पानांचे उत्तर देणारे पुस्तक विद्यार्थ्याचा वेळ खाते. तीन तासांत किती लिहून होते याचा विचार पुस्तक लिहिणाऱ्याने केला आहे का, हे नमुना उत्तरांच्या लांबीवरून कळते.

इतिहास आणि राज्यशास्त्राचे पुस्तक

आपल्याकडे कला शाखा घेणाऱ्या मुलांची संख्या थोडी असली, तरी कायदा किंवा प्रशासकीय सेवेचा विचार करणारी मुले-मुली आता घरोघर दिसू लागली आहेत. त्यांचे विषय इतिहास आणि राज्यशास्त्र. या विषयांत गाईडवर विसंबण्याचा धोका अधिक असतो, कारण घटना आणि सनावळी देऊन पुस्तक थांबते आणि त्यांमागील कारण गाळते. परीक्षेत मात्र कारणे, टिपा, संकल्पनाचित्र, नकाशा आणि 'आपले मत लिहा' असे सगळेच विचारले जाते.

सविनय कायदेभंगाची चळवळ घ्यावी. १९३० साली देशभर मिठाचा कायदा मोडला जात असताना विदर्भात जंगल सत्याग्रह झाला. जुलै १९३० मध्ये पुसद भागात गवत कापून तो सुरू झाला. गाईडमध्ये याला बहुधा एखादी ओळ मिळते. 'का' हे विचारले तर विद्यार्थी थांबतो. विदर्भाला समुद्रकिनारा नाही. इथल्या माणसाला रोज जाचणारा कायदा होता जंगलाचा, गवतावर आणि लाकडावर बंधने घालणारा. म्हणून इथे गवताची पेंढी हेच कायदेभंगाचे साधन झाले. एवढे एक कारण समजले, की ती ओळ पाठ करावी लागत नाही.

आणि या सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे लोकनायक बापूजी अणे वणीचेच. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले आणि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले, आणि १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. वणीचा विद्यार्थी हे जाणून परीक्षेला बसला, तर त्याच्या उत्तरात जो जिवंतपणा येईल तो कोणत्याही नमुना उत्तरात सापडणार नाही.

राज्यशास्त्राचेही तसेच आहे. वणी विधानसभा मतदारसंघ यवतमाळ जिल्ह्यात, पण लोकसभेसाठी तो चंद्रपूर मतदारसंघात मोडतो. बारावीचे परीक्षा मंडळ आणि महसुली विभाग मात्र अमरावतीचा. मतदारसंघ, जिल्हा आणि विभाग या वेगवेगळ्या रचना आहेत, हे या एका गावावरून मुलांना समजावता येते. राज्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक १९९१ नंतरच्या जगापासून सुरू होते. जागतिकीकरणाने आपल्या बाजारपेठेत काय बदलले, हे घरातील व्यापारी माणसाहून अधिक चांगले कोण सांगू शकेल?

जुनी पुस्तके आणि दान

अनेक गावांत समाजाच्या वतीने गरजू विद्यार्थ्यांना गाईड वाटली जातात, किंवा घरोघरची जुनी पुस्तके गोळा करून दिली जातात. हेतू उत्तम आहे. परंतु ज्याच्याकडे दुसरे पुस्तक घेण्याची ऐपत नाही, त्याच्या हाती अपुरे पुस्तक गेले तर त्याचे नुकसान इतरांपेक्षा अधिक होते. म्हणून वाटपापूर्वी छपाईचे वर्ष पाहून पुस्तके वेगळी करावीत. पैसे मर्यादित असतील, तर एका विद्यार्थ्याला तीन गाईड देण्यापेक्षा एक पाठ्यपुस्तक, एक तपासून घेतलेले गाईड आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संच देणे अधिक उपयोगाचे. उत्तरे तपासून देणारा एखादा निवृत्त शिक्षक किंवा शिकलेला तरुण आठवड्यातून एक तास मिळाला, तर ते दान पुस्तकाहूनही मोलाचे.

पुढील परीक्षांचा हिशेब वेगळा

बारावीबरोबरच दुसऱ्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी एक भान ठेवावे. सी. ए. फाउंडेशनमध्ये व्यवसाय अर्थशास्त्राचा १०० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो. तो पूर्णपणे वस्तुनिष्ठ असतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. मागणी, पुरवठा, बाजाराचे प्रकार हे विषय दोन्हीकडे येतात. विचारण्याची रीत मात्र वेगळी. त्या परीक्षेसाठी सी. ए. संस्थेचे स्वतःचे अभ्याससाहित्य हाच पाया धरावा.

केंद्रीय विद्यापीठांतील प्रवेशासाठी २०२२ पासून सामाईक परीक्षा घेतली जाते. तिचे प्रश्न एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमावर आधारलेले असतात. त्यामुळे राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याला त्या विषयापुरती एनसीईआरटीची पुस्तके वाचावी लागतात. तीही चालू आवृत्तीचीच हवीत. २०२३ मध्ये त्या पुस्तकांतून काही प्रकरणे वगळली गेली. बारावीच्या इतिहासातील मुघल दरबारावरील प्रकरण त्यांपैकी एक. थोरल्या भावाची जुनी प्रत धाकट्याला देताना ही तपासणी करावी. एका परीक्षेचे गाईड दुसऱ्या परीक्षेला चालेल, असे गृहीत धरू नये.

उजळणीची जागा

पाठ्यपुस्तकातील प्रत्येक पाठाच्या शेवटी 'स्वाध्याय' असतो. हा शब्द आपल्या घरांना परका नाही. आपल्या परंपरेत स्वाध्यायाचे प्रकार सांगताना आधी वाचना येते, मग पृच्छना, आणि त्यानंतर परिवर्तना, म्हणजे उजळणी. वाचलेले आणि विचारून समजून घेतलेले असेल, तरच उजळणीला अर्थ असतो. गाईड हे परिवर्तनेचे साधन आहे. ज्याने पाठ वाचलाच नाही आणि कोणाला काही विचारलेच नाही, तो उजळणी कशाची करणार?

यावरून वेळेचेही गणित मांडता येते. २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली. दिवाळीनंतर हाती जेमतेम तीन महिने उरतात, आणि त्यांतच सराव परीक्षा व तोंडी परीक्षा येतात. म्हणून पाठ्यपुस्तकाचे पहिले वाचन दिवाळीपूर्वी संपावे, आणि गाईड त्यानंतरच घरात यावे. एका विषयाला एकच गाईड. पाठ वाचून झाल्यावर स्वाध्यायाची उत्तरे आधी स्वतः लिहावीत, मग गाईड उघडून जुळवावीत. जिथे फरक पडेल तिथे पुन्हा पाठ्यपुस्तकाकडे जावे. चूक गाईडचीही असू शकते, हे मुलांनी जाणून असावे.

त्या घरातही पुढे हेच झाले. आजोबांनी तिन्ही गाईड पाठ्यपुस्तकाशेजारी ठेवून एकेक प्रकरण जुळवले. दोन पुस्तके अपुरी निघाली, ती बाजूला झाली. रोज रात्री दुकान बंद झाल्यावर अर्धा तास मुलगी एक प्रश्न समजावून सांगे आणि आजोबा ऐकत. पटले नाही तर "पुन्हा सांग" म्हणत. लवचीक मागणी समजावताना ती मीठ आणि साडी यांची उदाहरणे देऊ लागली, कारण मिठाचा भाव वाढला तरी गिऱ्हाईक मीठ घेतेच, हे तिने गल्ल्याजवळ बसून पाहिलेले होते. सराव परीक्षेत कोरा राहिलेला तक्त्याचा प्रश्न तिने पुढच्या चाचणीत सर्वांत आधी सोडवला. सी. ए. फाउंडेशनच्या नोंदणीचा अर्ज तिने त्याच महिन्यात भरला. चौथे गाईड आणावे लागले नाही.